घोड्यातील न उतरलेले वृषण : उभ्या अवस्थेत दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

'खच्ची' म्हणून विकत घेतलेला घोडा माजावरील घोडीकडे धावू लागला, चावू लागला किंवा इतर घोड्यांवर चालून जाऊ लागला, तर त्याचे खापर बहुधा स्वभावावर फोडले जाते. प्रत्यक्षात अशा घोड्याच्या पोटात एक वृषण राहिलेले असू शकते. स्वभावाला दोष देण्याआधी ही शक्यता तपासणे आवश्यक आहे.

दोषाचे स्वरूप

गर्भावस्थेत वृषणे मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारास जांघेतील नलिकेतून अंडकोशात उतरतात. त्यानंतर काही आठवड्यांत नलिकेचे पोटाकडील तोंड आकुंचन पावते. त्यामुळे पोटात राहिलेले वृषण पुढे सहसा उतरत नाही. नलिकेत अडकलेले वृषण मात्र काही शिंगरांत दोन-तीन वर्षांपर्यंतही खाली येऊ शकते.

पोटातील तापमान अंडकोशापेक्षा अधिक असल्याने तेथील वृषणात सक्षम शुक्राणू तयार होत नाहीत. तथापि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवतच राहते. म्हणूनच बाहेरचे एक वृषण काढल्यावर घोडा दिसतो खच्ची, परंतु वागतो नरासारखा. राहिलेल्या वृषणाला पीळ पडण्याचा किंवा त्यात गाठ होण्याचा धोकाही असतो.

निदान

प्रथम गुंगीचे औषध देऊन जांघ चाचपली जाते आणि सोनोग्राफी केली जाते. पूर्वी काय काढले होते याची माहिती नसल्यास रक्तचाचणी उपयुक्त ठरते. तीन वर्षांवरील घोड्यात इस्ट्रोन सल्फेटचे प्रमाण पाहतात. लहान घोड्यांत व गाढवांत ही चाचणी भरवशाची नसते. तेथे एचसीजीचे इंजेक्शन देऊन त्याआधीची व नंतरची टेस्टोस्टेरॉनची पातळी ताडून पाहतात.

शस्त्रक्रिया

पारंपरिक पद्धतीत घोड्याला पूर्ण भूल देऊन उताणे निजवावे लागते. घोड्याच्या प्रचंड वजनामुळे भूल व त्यातून उठण्याची धडपड हाच मोठा धोका ठरतो. निवडक, नियोजित शस्त्रक्रियांतही पूर्ण भुलेमुळे होणारे मृत्यू सुमारे १ टक्का आढळले आहेत. उभ्या अवस्थेतील शस्त्रक्रियेत हा धोका टळतो.

शस्त्रक्रियेपूर्वी किमान १२ ते २४ तास चारा बंद ठेवतात, पाणी देतात. आतडी रिकामी असली की पोटातील भाग स्पष्ट दिसतो. घोड्याला खोड्यात उभे करून गुंगीचे औषध देतात. भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांमधील खळग्यात, जागा बधिर करून साधारणतः तीन लहान छिद्रे पाडतात. एकातून दुर्बीण व इतरांतून उपकरणे आत जातात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा निर्माण केली जाते. वृषण सापडल्यावर त्याच्या पडद्यातही बधिर करणारे औषध टोचतात, रक्तवाहिन्या बांधून किंवा विद्युत उपकरणाने बंद करून ते सोडवतात आणि एक छिद्र किंचित वाढवून बाहेर काढतात.

थेट दिसत असल्याने आणखी एक चूक टळते. काही घोड्यांत वृषण पोटात असते, पण अधिवृषणाचे टोक नलिकेत उतरलेले असते. तेच वृषण समजून कापले गेल्यास संप्रेरकाचा स्रोत आतच राहतो.

मर्यादा

वृषण नलिकेत अडकले असल्यास जांघेतून केलेली शस्त्रक्रिया अधिक सोयीची ठरते. हात लावू न देणाऱ्या घोड्यावर ही पद्धत वापरणे धोक्याचे असते. उपकरणे महाग असून प्रशिक्षित शल्यचिकित्सक आवश्यक असतो. म्हणून प्रथम जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या शस्त्रक्रिया विभागात चौकशी करावी.

पशुपालकांनी लक्षात ठेवावे

• एकच वृषण उतरले असल्यास केवळ तेच काढून घेऊ नये. आधी न उतरलेले वृषण काढावे किंवा दोन्ही एकाच वेळी काढावीत.
• सारंगखेडा, पुष्कर यांसारख्या यात्रांत नर किंवा खच्ची घोडा घेताना पशुवैद्यकाकडून जांघेची तपासणी करून घ्यावी.
• धनुर्वाताची लस शस्त्रक्रियेपूर्वी दिलेली असावी.
• शस्त्रक्रियेनंतर जखमेवर सूज, स्राव, ताप किंवा पोटदुखी दिसल्यास त्वरित पशुवैद्यकास कळवावे.
• नराची वागणूक ओसरण्यास काही आठवडे ते काही महिने लागू शकतात. तोवर घोडा घोडींपासून वेगळा बांधावा.
• या दोषात आनुवंशिकतेचा वाटा मानला जातो. उतरलेले एक वृषण सुपीक असले, तरी असा घोडा पैदाशीसाठी वापरू नये. मारवाडी, काठियावाडी यांसारख्या देशी जातींत पैदाशीचे नर निवडताना हा नियम कसोशीने पाळावा. कारण देखण्या नराबरोबर त्याचा दोषही पुढील पिढीत उतरू शकतो.