शेवटच्या पंगतीचा रस्सा

गावात जेवणावळी होतात. कधी लग्न असते. कधी सप्ताहाचा काला असतो. कधी यात्रा असते. शंभर माणसे ओळीने बसतात. भाकरी किंवा चपाती, भात आणि बटाट्याचा रस्सा. बेत साधा, पण सगळ्यांना आवडणारा.

पहिली पंगत उठते. दुसरी बसते. मग शेवटची पंगत बसते. या पंगतीला कोण असते, हे तुम्ही पाहिले आहे का? ज्यांनी पहाटे उठून कांदे चिरले त्या बाया असतात. ज्यांनी वाढले ते पोरगे असतात. ज्यांनी भांडी घासली, पाणी भरले, ती माणसे असतात. त्यांच्या ताटात काय पडते? कित्येकदा नुसते तिखट पाणी. फोड एखादीच. रस्सा कमी पडला म्हणून कुणीतरी त्यात तांब्याभर पाणी ओतलेले असते.

हे होऊ नये. पहिल्या पंगतीला जो रस्सा मिळाला, तोच शेवटच्या पंगतीला मिळावा. ते अवघड नाही. त्यासाठी मोजावे लागते आणि लिहावे लागते. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. म्हणून हा धडा तुमच्यासाठी आहे.

वीसपट करून चालत नाही

एका घरातले बोलणे ऐका.

सून : आत्या, घरी आपण पाच माणसांच्या रश्श्यात एक लिटर पाणी घालतो. शंभर माणसं म्हंजी वीसपट झाली. मग वीस लिटर घालू का?

सासू : नको गं बाई. घरचं पातेलं लहान. त्यातलं पाणी भराभरा आटतं. मोठ्या पातेल्यात पाणी लई, पण त्या मानानं तोंड लहान. वाफ त्या मानानं कमी जाते. पंधरा लिटर पुरे.

सून : आन् मीठ?

सासू : मीठ मागून घालता येतं. घातलेलं काढता येत नाही. आधी कमी घाल. चव बघ. मग वाढव. तिखटाचंही तसंच.

सून : तुमाला हे कुणी सांगितलं?

सासू : कुणी नाही. करता करता कळलं.

सून : मग मी हे वहीत लिवून ठेवते.

सुनेने बरे केले. सासूबाईंचा अंदाज सासूबाईंच्या हातात असतो. त्या घरी नसल्या, की अडचण येते. वहीत लिहिलेले माप कुणालाही वाचता येते. पुढच्या वर्षीही ते उपयोगी पडते.

शंभर माणसांची यादी

दर मोठ्या माणसाला १५० ग्रॅम बटाटा धरा. शंभर माणसांना १५ किलो लागेल. आणखी ३ किलो राखीव ठेवा. आता यादी वाचा.

बटाटे – १५ किलो, राखीव ३ किलो
कांदे – ४ किलो
टोमॅटो – ३ किलो
सुके खोबरे – १ किलो
लसूण – ४०० ग्रॅम
आले – २५० ग्रॅम
घरचा मसाला – ५०० ग्रॅम
हळद – ५० ग्रॅम
मीठ – ३५० ग्रॅम
तेल – २ लिटर
पाणी – १५ लिटर
मोहरी, जिरे, कोथिंबीर – लागेल तशी

एवढ्यात सुमारे ३५ लिटर रस्सा होतो. पळीत १५० मिलिलिटर रस्सा मावतो असे धरू. माणशी दोन पळ्या वाढल्या, तर शंभर माणसांना २०० पळ्या लागतील. म्हणजे ३० लिटर. उरलेले ५ लिटर मागून घेणाऱ्यांना.

तुमची पळी केवढी आहे? ते असे पाहा. पळीने दहा वेळा पाणी एका भांड्यात ओता. मग ते पाणी लिटरच्या मापाने मोजा. दीड लिटर भरले, तर पळी १५० मिलिलिटरची. जास्त भरले, तर पळी मोठी आहे. मग वाढणाऱ्याला आधीच सांगा.

यादी करताना जेवणाऱ्यांची मोजणी करा. स्वयंपाक करणारे, वाढणारे, भांडी घासणारे यांचा आकडा सगळ्यांत आधी लिहा. तो मागून लिहायचा म्हटले, तर राहून जातो. मग ऐन वेळी पाणी ओतावे लागते.

बटाटा निवडून घ्या

बटाट्यासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. आंबेगाव तालुक्यात सातगाव पठार आहे. तिथे पावसाळ्यात बटाट्याचे पीक घेतात. टोमॅटोसाठी नारायणगावचा बाजार जवळ आहे. बटाटा मूळचा मात्र आपल्याकडचा नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातला. पोर्तुगीज लोकांनी तो आपल्याकडे आणला. 'बटाटा' हे नावही त्यांच्याच भाषेतून आले.

बटाटा घेताना नीट पाहा. हिरवी साल झालेला बटाटा घेऊ नका. बटाट्यावर ऊन किंवा उजेड पडत राहिला, की साल हिरवी होते. अशा बटाट्यात कडवट विष तयार होते. ते उकळून जात नाही. फार मोड आलेला, सुरकुतलेला बटाटाही नको. घरी आणल्यावर बटाटे अंधारात आणि वारा खेळेल अशा जागी ठेवा.

एक मोठे पातेले की दोन?

जुन्नर तालुक्यातले खोडद गाव आता जगाला ठाऊक आहे. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. २००१ साली ती देशाला अर्पण झाली. आकाशातल्या ताऱ्यांकडून, दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते. २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन. त्या सुमारास ती पाहायला शाळांची मुले आणि गावोगावची माणसे येतात.

या दुर्बिणीत एकच अजस्र तबकडी नाही. ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ तबकड्या मध्यभागी आहेत. १६ तबकड्या तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. सगळ्या मिळून एका मोठ्या दुर्बिणीचे काम करतात. एवढी मोठी एकच तबकडी बांधणे आणि फिरवणे शक्य नव्हते. म्हणून काम वाटून दिले.

आपणही तसेच करावे. एक अजस्र पातेले चढवू नये. दोन मध्यम पातेली चढवावीत. मोठ्या पातेल्यात तळाचा बटाटा गळून पीठ होतो. वरचा कच्चा राहतो. ढवळायला बळ लागते. तळाला लागले, की सगळ्या रश्श्याला जळकट वास येतो. दोन पातेल्यांत हे सगळे कमी होते.

आणि मुख्य फायदा पुढेच आहे. पहिले पातेले पहिल्या पन्नास माणसांचे. दुसरे पातेले पुढच्या पन्नास माणसांचे. दुसऱ्याचे झाकण आधी काढायचे नाही. मग शेवटच्या पंगतीचा रस्सा कुणी पातळ करू शकत नाही.

पातेले पितळी असेल, तर त्याला कल्हई हवीच. कल्हई गेलेल्या पितळेत टोमॅटो किंवा चिंच घातली, की ते कळकते. तसे अन्न पोटाला बाधते.

रस्सा असा करा

सुका मसाला आदल्या दिवशी कुटून ठेवला तरी चालतो. ओले वाटण मात्र त्याच सकाळी करा. रात्रीचे वाटण उन्हाळ्यात आंबते.

बटाटे धुवा, सोला. सगळ्या फोडी सारख्या करा. लहान-मोठ्या फोडी सारख्या शिजत नाहीत. चिरलेल्या फोडी पाण्यात ठेवा, म्हणजे काळ्या पडत नाहीत.

यादीतल्या १५ लिटरपैकी निम्मे पाणी उकळायला ठेवा. त्यात थोडे मीठ घाला. बटाटे त्यात पाऊण कच्चेपणा जाईपर्यंत शिजवा. सुरी आत जावी, पण फोड मोडू नये. मग फोडी उपसून घ्या. ते पाणी फेकू नका. रश्श्यात तेच वापरा.

बटाटे आधी वेगळे का शिजवायचे? टोमॅटो आंबट असतो. आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही. आधी टोमॅटो आणि मग कच्चा बटाटा घातला, तर जाळ वाया जातो.

आता दोन्ही पातेल्यांत निम्मे निम्मे तेल तापवा. मोहरी, जिरे टाका. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे आणि आले-लसणाचे वाटण घाला. तेल सुटेपर्यंत परता. टोमॅटो घाला. हळद घाला. मसाल्यातला ३५० ग्रॅम मसाला दोन्हींत मिळून घाला. बाकीचा चव पाहून घाला. मग पाणी घाला. ते उकळतेच असावे. गार पाणी घातले, तर पुन्हा उकळी यायला फार वेळ जातो.

उकळी आली, की फोडी घाला. सारे मिळून २५० ग्रॅम मीठ झाले, की थांबा. चव पाहा. मग लागेल तेवढे वाढवा. दहा मिनिटे मंद उकळू द्या. फोड अजून जरा घट्ट असतानाच जाळ ओढा. मोठे पातेले उतरल्यावरही आत बराच वेळ शिजत राहते.

ऐन वेळी वीस पाहुणे वाढले, तर? राखीव ३ किलो बटाटे आहेतच. वीस माणसांना ते बरोबर पुरतात. ते लगेच सोला, लहान फोडी करा, उकडा आणि रश्श्यात घाला. बरोबर उकळते पाणी, मीठ, मसाला आणि थोडा दाण्याचा कूट घाला. पाहुणे आले नाहीत, तर बटाटे कच्चेच राहतात. ते वाया जात नाहीत.

शिळ्या रश्श्याचे भय

शंभर माणसे एकाच पातेल्यातले खातात. म्हणून एकाची चूक शंभरांना भोवते.

स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. ज्याला जुलाब होत आहेत, त्याने स्वयंपाकाला किंवा वाढायला उभे राहू नये. बोटाला पिकलेली जखम असेल, त्यानेही नाही.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. काही जंतू उकळीतही मरत नाहीत. ते कठीण कवच धरून राहतात. मोठे पातेले हळूहळू निवते. तासन् तास कोमट राहते. त्या उबेत हे जंतू जागे होतात आणि वाढतात. काही जंतू अन्नात विष सोडतात. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून 'वास येत नाही, म्हणजे चांगले आहे' असे समजू नका.

मग काय करावे? दुसरे पातेले मंद आचेवर ठेवा. त्यातून वाफ निघत राहिली पाहिजे. आच नसेल, तर रस्सा उतरल्यापासून दोन तासांत वाढून संपवा. कडक उन्हाळ्यात एका तासात. उरलेला रस्सा लगेच पसरट परातींत ओता, म्हणजे लवकर निवेल. निवला, की फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी खळखळून उकळूनच खा. फ्रीज नसेल, तर रात्रीसाठी ठेवू नका. गरम असतानाच शेजारीपाजारी वाटा.

हा नियम साऱ्या जगाला लागू आहे. फ्रान्समध्ये बटाट्याच्या पातळ चकत्या दूध-सायीत घालून भट्टीत भाजतात. अमेरिकेत मोठ्या जेवणाला बटाटे आणि चीज तबकात भाजून नेतात. चीज म्हणजे दूध घट्ट करून, पाणी काढून मुरवलेला पदार्थ. आपल्याकडे मंचरजवळही ते तयार होते. पदार्थ कोणताही असो. गरम ठेवा, नाही तर लवकर गार करा. मध्येच कोमट ठेवू नका.

जेवणानंतर कुणाला उलट्या-जुलाब झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. ते घोट घोट पाजत राहा. आणि विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. लहान मुलाला तर आधी न्या.

वहीत काय लिहावे

जेवण झाले, की वही उघडा. किती माणसे जेवली? बटाटे किती लागले? मीठ शेवटी किती पडले? किती उरले? शेवटच्या पंगतीला दोन पळ्या मिळाल्या का? हे त्याच दिवशी लिहा. वर तारीख घाला. पुढच्या जेवणाला कोणीही उभे राहिले, तरी हा हिशेब त्यांच्या कामी येईल.

सोडवा आणि लिहा

१. गावात १४० माणसे जेवणार आहेत. माणशी १५० ग्रॅम बटाटा लागतो. एकूण किती किलो बटाटे आणाल?

२. माणशी दोन पळ्या रस्सा वाढायचा आहे. पळी १५० मिलिलिटरची आहे. ६० माणसांना किती लिटर रस्सा लागेल?

३. टोमॅटोच्या आधी बटाटे का शिजवावेत?

४. तुमच्या गावात शेवटच्या पंगतीला कोण कोण बसते? त्यांची यादी करा. मोजा. तो आकडा पुढच्या जेवणाच्या यादीत सगळ्यांत वर लिहा.