स्टीलच्या सिंकचे डाग काढायला खर्च किती?

सिंक कळकट दिसू लागलं की अनेक घरांत पहिला हात जातो तो संडास धुण्याच्या ॲसिडच्या बाटलीकडे. तो आधी आवरा. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर, आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड तोच खातं. डाग जातो खरा, पण नंतर तिथे बारीक काळे टोचे पडतात, ते कितीही घासले तरी जात नाहीत. शिवाय त्या वाफा भांडी घासणाऱ्या मावशींच्या नाकातोंडात जातात. ब्लीचही तितकंच वाईट. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा हे दोन्ही सिंकपाशी नकोच.

पैसे खर्च करण्याआधी डागावरून नख फिरवून पाहा.

नखाला खरखरीत, पांढरट पापुद्रा लागला तर तो पाण्यातला क्षार. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत हाच डाग सर्वांत चिवट, विशेषतः नळाच्या बुडाशी आणि जाळीच्या कडेला. यावर साबण घासून उपयोग नाही, कारण हा मळ नव्हे, दगडच आहे; तो आंबटानेच विरघळतो. किराणा दुकानात लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, मिळतं. 100 ग्रॅमचं पाकीट साधारण 30 ते 60 रुपयांना. पोह्याचे दोन चमचे पेलाभर कोमट पाण्यात विरघळवा, त्यात जुन्या सुती कपड्याची पट्टी बुडवून नळाच्या बुडाशी गुंडाळा आणि अर्धा तास तशीच ठेवा. पट्टी काढताना कडेने बुडबुडे दिसले की समजा काम चाललंय. मग मऊ घासणीने पुसून भरपूर पाण्याने धुवा. जाड थर असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका पाकिटात आठ-दहा वेळा भागतं, म्हणजे एका वेळचा खर्च पाच-सहा रुपये. व्हिनेगरनेही क्षार निघतो, पण ते सौम्य असल्यामुळे बाटली लवकर संपते.

इथे एक सांभाळा. ओटा कडप्प्याचा असेल तर हे पाणी त्यावर सांडू देऊ नका. कडप्पा चुनखडीचा दगड आहे. आंबट लागलं की त्याची झिलई जाऊन पांढुरका चट्टा पडतो. शहाबादी फरशीचंही तेच. ग्रॅनाइटला एवढी भीती नाही, तरी लगेच पुसलेलं बरं.

तांबूस ठिपके दिसले तर घाबरून सिंक बदलायला काढू नका. बहुतेक वेळा तो सिंकचा गंज नसतोच. लोखंडी तवा ओला ठेवलेला असतो, किंवा तारेच्या घासणीचे तुकडे चिकटून गंजलेले असतात. लिंबूसत्त्वात थोडं पाणी घालून लेप करा, दहा-पंधरा मिनिटांनी धुवा. तारेची घासणी मात्र सिंकसाठी बंदच करा. दहा-वीस रुपयांची ही वस्तू चरे पाडते, आणि पुढचा मळ नेमका त्याच चऱ्यांत बसतो.

चहा, हळद, तेलकट काळपटपणा यांना खायचा सोडा पुरतो. ओल्या सिंकवर भुरभुरवा आणि पत्र्यावरच्या रेघांच्या दिशेनेच घासा, आडवं नको. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायची पद्धत सगळीकडे सांगतात. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना निकामी करतात आणि उरतं जवळजवळ साधं पाणी. जे वापरायचं ते वेगवेगळं वापरा.

सफाई कंपन्या सहसा नुसत्या सिंकसाठी येत नाहीत, सगळ्या स्वयंपाकघराचे पैसे घेतात. शहरांत हा आकडा हजार-दीड हजाराच्या पुढेच जातो. केवळ डागांसाठी हा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नखाला खड्डा लागला, पत्रा पोखरला असेल, तरच नवं सिंक. चांगलं सिंक तीन ते आठ हजार, प्लंबरची मजुरी वेगळी, आणि सिंक ओट्याखालून बसवलेलं असेल तर दगड सोडवण्याचा खर्च आणखी. घेताना बिलावर ‘304’ लिहून घ्या. या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. दुकानदार चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ म्हणेल, पण स्वस्तातल्या 202 लाही चुंबक चिकटत नाही. तेव्हा चुंबकावर जाऊ नका, बिलावरचा आकडा बघा.