संग्रहातील घटकांची पारख

स्वयंपाकघरातील फडताळात साखर आणि मीठ यांचे डबे शेजारी शेजारी असतात. दोन्ही पदार्थ पांढरे, म्हणून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवितात. चिठ्ठी निघून गेली आणि साखरेत मीठ पडले, तर चूक कळते ती चहाचा घोट घेताना. मीठ कोणी व केव्हा टाकले, हे त्या वेळी उमगत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही असा प्रसंग येतो. तो आपण जावा या भाषेच्या आधारे समजून घेऊ.

जावात अनेक वस्तू एकत्र ठेवण्यासाठी ‘लिस्ट’ म्हणजे यादी वापरतात. पूर्वी तीत कोणतीही वस्तू ठेवता येई. २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत ‘जेनेरिक’ ही सोय आली. ‘लिस्ट<स्ट्रिंग>’ असे लिहिले की ती यादी केवळ अक्षरमालांची. ‘लिस्ट<इंटिजर>’ लिहिले की केवळ पूर्णांकांची. कंपायलर ही चिठ्ठी वाचतो आणि चुकीची वस्तू दाराशीच अडवितो.

परंतु ही तपासणी आटोपली की चिठ्ठी पुसली जाते. जुने प्रोग्रॅम नव्यांबरोबर चालत राहावेत, म्हणून हा मार्ग पत्करण्यात आला. परिणामी प्रोग्रॅम चालू असताना नावांची यादी व गुणांची यादी यांत भेद उरत नाही. एखाद्या अनोळखी वस्तूला ‘तू अक्षरमालांची यादी आहेस काय?’ असे विचारू गेल्यास कंपायलर तो प्रश्नच नाकारतो.

समजा, चिठ्ठी नसलेल्या जुन्या पद्धतीच्या यादीच्या वाटेने हजेरीतील नावांत ४२ हा आकडा शिरला. कंपायलर केवळ सावधगिरीची सूचना देतो. आकडा आत जाताना काहीच घडत नाही. पुढे कोठेतरी तो ‘नाव’ म्हणून बाहेर काढताना ‘क्लासकास्ट एक्सेप्शन’ उद्भवून प्रोग्रॅम थांबतो. चूक एकीकडे आणि बोभाटा दुसरीकडे!

यावर उपाय कोणते? पहिला, यादीतील प्रत्येक घटक ‘इन्स्टन्सऑफ’ने तपासणे. पण यादी मोठी असल्यास वेळ लागतो. आणि यादी रिकामी असेल तर तपासणार काय? रिकामा डबा पाहून तो साखरेचा की मिठाचा, हे कोण सांगेल? दुसरा उपाय ‘चेक्डलिस्ट’चा. आरंभीच रिकाम्या यादीवर हा पहारेकरी बसविला आणि सर्व वस्तू त्याच्याच हातून आत सोडल्या, तर चुकीची वस्तू शिरतानाच पकडली जाते.

सी-शार्प भाषेत २००५ साली जेनेरिक आले, तेथे मात्र चिठ्ठी पुसली जात नाही. प्रोग्रॅम चालू असतानाही यादी आपला प्रकार सांगू शकते. म्हणजे जावातील उणीव अटळ नव्हे. जुन्यांना सांभाळण्यासाठी मोजलेली ती किंमत होय.

म्हणून आम्हांस वाटते, वस्तू बाहेर काढताना पारखण्यापेक्षा आत ठेवतानाच पारखावी. चूक जेथे घडते तेथेच सापडली, तर ती सुधारणे सोपे जाते.