वजन उतरताना पित्ताशयात खडे

वजन कमी करायला निघालेल्या बाईची गुडघे धरतील, फार तर चक्कर येईल, इतपत तयारी असते. माझ्या पित्ताशयात खडे निघाले. त्या काळात उमगलेल्या चार गोष्टी लिहून ठेवते, म्हणताना पाच झाल्या.

१. प्रत्येक कळ ॲसिडिटीची नसते. रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने उजव्या बरगडीखाली कळ उठायची, मागे खवाट्यापर्यंत जायची आणि दोन-तीन तासांनी आपसूक थांबायची. घरात सगळ्यांचं एकच निदान : ‘उपाशी राहतेस, पित्त होणारच.’ आवळा झाला, कोकम झालं, सासूबाईंचं थंड दूधही झालं. दुधाने कळ वाढलीच, कारण ते म्हशीचं आणि सायीसकट होतं. स्निग्ध काही पोटात गेलं की पित्ताशय आकसतं आणि तोंडाशी अडकलेला खडा दुखतो. पित्ताच्या गोळीला दाद न देणारी आणि तुपकट खाल्ल्यावर येणारी कळ असेल, तर सोनोग्राफी करून घ्यावी. तीही उपाशीपोटी, खाऊन गेलात तर आकसलेल्या पित्ताशयात खडे नीट दिसत नाहीत.

२. खडे डाएट करूनही झाले, असं मी म्हणत होते. डॉक्टर म्हणाले, डाएटमुळेच झाले असावेत. चरबी झपाट्याने उतरू लागली की यकृत पित्तात जादा कोलेस्टेरॉल सोडतं. त्याच वेळी ताटातून तेल-तूप हद्दपार झालेलं असतं, दोन जेवणांत भलं मोठं अंतर असतं, त्यामुळे पित्ताशयाला रिकामं व्हायचं निमित्तच मिळत नाही. पित्त साचून घट्ट होतं आणि कोलेस्टेरॉलचे कण धरू लागतात. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरत असेल तर हा धोका चांगलाच वाढतो. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर खडे होऊ नयेत म्हणून अनेक डॉक्टर काही महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात, ते याचसाठी. आमच्या व्यायामाच्या ग्रुपमध्ये मात्र ‘या आठवड्यात अडीच किलो!’ म्हटलं की टाळ्या पडायच्या. अर्धा किलो उतरवणारीकडे कुणी बघतही नसे. माझ्या मते टाळ्या तिलाच द्यायला हव्या होत्या.

३. कुळथाचं कढण मूतखड्यासाठी सांगतात, इथे त्याचा संबंध नाही. पित्ताशयातून लघवीकडे जायला वाटच नसते. इथला खडा सरकलाच तर पित्तनलिकेत अडकतो. मग कावीळ होते, कधी स्वादुपिंडाला सूज येते. तेव्हा ‘खडे पाडायच्या’ उपायांपासून लांब राहिलेलं बरं. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन पडणाऱ्या हिरव्या गोळ्या बहुधा त्याच तेलाचा पोटात बनलेला साबण असतो. खडे जिथल्या तिथे राहतात.

४. ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं असं नाही. खडे आहेत पण त्रास नाही, तर सहसा नुसतं लक्ष ठेवतात. कळा पुन्हा पुन्हा येत असतील तर दुर्बिणीतून पित्ताशयच काढतात, कारण नुसते खडे काढले तर ते परत होतात. ‘अख्खा अवयव काढणार?’ म्हणून माझी आई रडली. पण पित्त तयार होतं यकृतात. पित्ताशय ही फक्त साठवणीची जागा. पुढे काही आठवडे तळलेलं खाल्लं की पोट बिघडायचं, एवढंच.

५. वजन कमी करणं मी सोडलं नाही. लठ्ठपणानेही हे खडे होतातच. आता वेग कमी आहे आणि पोळीवर चमचाभर तूप आहे.

खडे असल्याचं कळलेलं असो वा नसो : कळ चार-पाच तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच दवाखाना गाठा.