रुळांखालची खडी : मूळ आणि प्रतिकृती

नवी दिल्लीत चाणक्यपुरी येथे १ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय खुले झाले. तेथील जुनी इंजिने पाहून एखाद्या मुलाला घरी छोटी आगगाडी उभारावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. इंजिन व डबे विकत मिळतात. परंतु रुळांखाली नुसती वाळू पसरली की सारा देखावा खोटा वाटू लागतो. असे का होते, हे समजण्यासाठी प्रथम खऱ्या खडीचे कार्य पाहू.

गाडीचा भार रुळांवरून स्लीपरांवर व तेथून खडीत पसरत जमिनीपर्यंत पोहोचतो. खडी स्लीपरांना जागच्या जागी धरून ठेवते आणि पावसाचे पाणी वाहून जाऊ देते. म्हणून ती कठीण व टोकदार हवी. गुळगुळीत गोटे एकमेकांवरून घसरतात. भारतीय रेल्वेवरील खडी साधारणपणे २० ते ६५ मिलिमीटर आकाराची असते. दगड मात्र प्रदेशानुसार बदलतो. दख्खनमध्ये काळा बेसाल्ट मिळतो, तर दिल्लीजवळच्या अरवलीत क्वार्टझाइट आढळतो.

आता गणित करू. एचओ या प्रचलित प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी असते. त्यानुसार खडीचा कण सुमारे पाव ते पाऊण मिलिमीटरचा, म्हणजे रव्याच्या दाण्याएवढा होतो. दहा कण ओळीने पट्टीवर मांडावेत. त्यांची लांबी पाच मिलिमीटरच्या आसपास भरली, तर आकार योग्य समजावा.

यमुनेची वाळू सहज मिळत असली तरी तिच्यात अभ्रकाचे चकाकणारे कण असतात. या प्रमाणात असा एक कण खडीवर पडलेल्या आरशासारखा दिसतो. त्यापेक्षा दगडाचा बारीक चुरा बरा. मात्र दगड घरी कुटू नये. क्वार्टझाइटची कोरडी धूळ सिलिकायुक्त असते व ती फुप्फुसांना घातक ठरते. तयार चुरा आणून तो प्रथम पाण्याने भिजवावा, गढूळपणा जाईपर्यंत धुवावा आणि पसरून वाळवावा. नंतर मोठ्या छिद्रांच्या चाळणीने जाड कण व बारीक चाळणीने उरलेली भुकटी वेगळी करावी. चाळतानाही नाकातोंडावर मुखपट्टी असावी.

यानंतरची एक परीक्षा अनेकदा राहून जाते. कागदात गुंडाळलेले लोहचुंबक चुऱ्यावरून फिरवावे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाकडे ओढले जाणारे खनिज असते. असे कण इंजिनाच्या मोटारीतील चुंबकाला चिकटून ती निकामी करू शकतात. चुंबकाला पुष्कळ कण चिकटले, तर तो चुरा बाजूला ठेवून दुसरा घ्यावा.

खडी मऊ कुंचल्याने स्लीपरांच्या मधोमध पसरावी. स्लीपरांचे माथे उघडे राहावेत. मग तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा. पांढऱ्या डिंकात तितकेच पाणी व साबणाचा एक थेंब मिसळून ते मिश्रण थेंबाथेंबाने सोडावे. सांधे बदलणाऱ्या हलत्या पात्यांजवळ मात्र डिंक मुळीच जाऊ देऊ नये; पाती चिकटली की गाडी मार्ग बदलू शकत नाही.

डिंक रात्रभर सुकू द्यावा व सकाळी रुळांचे माथे पुसून गाडी सोडावी. ती न अडखळता धावली, तर खडीने आपले काम चोख केले असे समजावे. खऱ्या लोहमार्गावरही खडीची परीक्षा याच कसोटीवर होते.