घरचा संगणक आणि विषाणूंपासून त्याचे संरक्षण

आज जळगाव व धुळे शहरांतच नव्हे, तर अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्री अशा तालुक्यांच्या गावीही अनेक घरांत संगणक आला आहे. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील मुलामुलींना संगणकाची ओळख करून दिली. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे अर्ज, नोकरीचे अर्ज ही सर्व कामे आता त्यावरच होतात. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून घेतलेल्या या यंत्राची निगा कशी राखावी, याची माहिती मात्र फारसे कोणी देत नाही. प्रस्तुत लेखात आपण तिचाच विचार करणार आहोत.

प्रथम एक अनुभव सांगतो. आमच्या परिचयातील धुळ्याची एक विद्यार्थिनी जातीचा दाखला, गुणपत्रके व प्रकल्प-अहवाल पेन ड्राइव्हमध्ये घेऊन छपाईसाठी झेरॉक्सच्या दुकानात गेली. घरी येऊन पाहते तो फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट. उघडण्यासाठी तिने त्यांवर क्लिक केले आणि विषाणू घरच्या संगणकातही शिरला. अर्जाच्या मुदतीला दोन दिवस उरले होते. सगळे पुसले गेले असे समजून ती पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायला निघाली होती. आम्ही तिला थांबवले. या प्रकारचा विषाणू मूळ फायली सहसा पुसत नाही, फक्त लपवतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फायली दाखवण्याची सोय सुरू करताच सर्व कागदपत्रे दिसली. आधी पूर्ण तपासणी करून विषाणू काढला, मग कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेतली. अर्ज वेळेत गेला.

तिच्या संगणकात अँटिव्हायरस नव्हता काय? होता. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचे चिन्हही होते. पण त्याची मुदत संपून वर्ष उलटले होते. चिन्ह दिसते म्हणजे संरक्षण आहे, ही समजूतच मुळात चुकीची आहे.

संगणकातील विषाणू हा आजाराचा जंतू नसून माणसाने लिहिलेला प्रोग्राम असतो. लाहोरच्या दोन भावांनी १९८६ साली लिहिलेला ‘ब्रेन’ हा सुरुवातीच्या विषाणूंपैकी एक. तो फ्लॉपीवरून पसरला. पुढे महाराष्ट्रातील दोन भावांनी त्याच्या उलट दिशेचे काम केले. दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकलेले कैलास काटकर व त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी पुण्यात १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस उभा केला. ही कंपनी २०१६ साली शेअर बाजारात नोंदली गेली. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता विषाणू केवळ त्रास देण्यासाठी लिहिले जात नाहीत, पैशासाठी लिहिले जातात. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले. पुढच्याच महिन्यात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज अशाच हल्ल्याने विस्कळीत झाले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर घरच्या संगणकाची काय कथा!

यावर उपाय अवघड नाहीत. विंडोज १० व ११ मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ नावाचे संरक्षण मोफत असते. ते उघडून पुढील गोष्टी एकेक करून पाहाव्यात.

१) ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ सुरू असावे. फाइल उघडताक्षणीच तपासण्याचे काम हे करते. ‘क्लाउड’द्वारे मिळणारे संरक्षणही सुरू ठेवावे, त्यामुळे नव्याने आलेले विषाणू लवकर ओळखता येतात.

२) ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ सुरू असावे. अनेक विषाणू आत येताच प्रथम अँटिव्हायरस बंद पाडू पाहतात. त्यास हे अटकाव करते.

३) ‘एक्सक्लूजन’ची यादी अवश्य पाहावी. या यादीतील फोल्डरांची तपासणी होत नाही. फुकटचे ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर घालताना कित्येकदा अँटिव्हायरस बंद करण्यास सांगतात किंवा या यादीत नोंद करून ठेवतात. आपण स्वतः न केलेली नोंद काढून टाकावी.

४) ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ सुरू केल्यास अनोळखी प्रोग्रामला आपल्या कागदपत्रांत फेरफार करता येत नाहीत. एखादा चांगला प्रोग्राम अडला, तर त्यास वेगळी परवानगी देता येते.

५) विकतचा अँटिव्हायरस असल्यास त्याची मुदत व शेवटच्या अपडेटची तारीख पाहावी. मुदत संपली असेल तर नूतनीकरण करावे, अथवा तो काढून टाकावा म्हणजे विंडोजचे स्वतःचे संरक्षण पुन्हा सुरू होते. दोन अँटिव्हायरस एकत्र चालवू नयेत; ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

६) विंडोजचे अपडेट टाळू नये. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. असा संगणक असल्यास तो विंडोज ११ घेऊ शकतो का हे पाहावे. नाहीतर जादा मुदतीच्या सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी.

७) बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह उघडण्यापूर्वी त्यावर उजवे बटण दाबून तपासणी करावी. छपाईसाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा व त्यात लागेल तेवढीच फाइल न्यावी.

इतके करूनही संगणक बिघडू शकतो, कारण कोणतेही सॉफ्टवेअर शंभर टक्के हमी देत नाही. म्हणून महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत संगणकापासून वेगळी काढून ठेवावी. सतत जोडून ठेवलेली डिस्क विषाणूच्या तावडीत तीही सापडते. संशय आल्यास प्रथम इंटरनेट तोडावे, पूर्ण तपासणी करावी आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदलावेत. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची मोफत साधनेही उपलब्ध आहेत. पैसे गेले असल्यास वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता अधिक.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी संगणक जाणणारे तुम्ही एकटेच आहात. आईवडील तुमच्यावर विसंबून आहेत. तेव्हा या रविवारी अर्धा तास काढून वरील सात गोष्टी आपल्या घरी तपासा व नंतर शेजारच्या एका घरीही तपासून द्या. दाखला पुन्हा काढण्यासाठी तहसील कचेरीत घालवाव्या लागणाऱ्या दिवसांपेक्षा हा अर्धा तास कितीतरी स्वस्त आहे.