एक घालून पडताळू नका

सातवीला बैजिक राशी शिकवताना मी आंब्यांपासून सुरुवात केली. ३ आंबे आणि २ केळी मिळून ५ आंबे होत नाहीत, तसंच ३अ आणि २ब यांचं. वर्गाला पटलं, मलाही बरं वाटलं. पुढच्याच आठवड्यात ३अ × २अ आलं आणि एक मुलगी उभी राहिली. "बाई, आंब्याला आंब्याने कसं गुणायचं?"

तिचं बरोबर होतं. अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, संख्या. अ म्हणजे आंबा नाही, फार तर एका आंब्याचा भाव. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

त्याच मुलीने पुढे वहीत लिहिलं : ७क + ३ = १०क. मी म्हटलं, "क च्या जागी एखादी संख्या घालून पडताळून बघ." तिने १ घातला. डावीकडे १०, उजवीकडेही १०. वह्यांचा गठ्ठा मोठा होता, मी घाईने बरोबरची खूण केली. चूक दुसऱ्या दिवशी ध्यानात आली, तोवर तिने घरी पानभर उदाहरणं त्याच रीतीने सोडवली होती, सुवाच्य अक्षरात. ते पान खोडायला लावताना मला फार वाईट वाटलं.

म्हणून नव्याने शिकवणाऱ्यांना सांगते, पडताळ्याला १ घेऊ नका. ० सुद्धा नको. २ घेतला तर क + क आणि क × क दोन्ही ४ येतात, तोही फसवतो. ५ घ्या : ३५ + ३ म्हणजे ३८, आणि १०क मात्र ५०. एकदा जरी उत्तरं जुळली नाहीत तरी चूक नक्की. जुळली तर आणखी एक संख्या घालून बघायला लावा.

पण मुलं ७ आणि ३ मिळवतात तरी का? त्यांना उत्तरात उरलेलं अधिक चिन्ह म्हणजे अर्धवट राहिलेलं काम वाटतं. पाचवी-सहावीपर्यंत प्रत्येक बेरजेचं उत्तर एकच संख्या आलेली असते ना! भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त (इ. स. ११५०) अव्यक्तांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं आहेत आणि नियम स्पष्ट आहे : एका जातीच्यांची बेरीज-वजाबाकी करावी, वेगळ्या जातीची पदं वेगळीच मांडावीत. ७क + ३ पाशी थांबणं हेच उत्तर, असं मी आता फळ्यावर चौकट करून लिहिते.

कंसाआधीच्या वजा चिन्हाला मात्र घाई नको. १०० − (क − ४) हे मुलं हमखास १०० − क − ४ करतात. मी दुकान मांडते. खिशात १०० रुपये, वहीची किंमत ६०, त्यावर ४ रुपये सूट. दिले ५६, उरले ४४. आता त्यांच्या रीतीने करा : १०० − ६० − ४, उरले ३६. "बाई, आपले ८ रुपये गेले!" वर्ग ओरडतो. मग सुटीचे ४ परत आपल्याकडेच यायला हवेत, म्हणजे अधिक, हे मुलंच सांगतात.